कारणाशिवाय चालणारे काका

जळगाव जामोदमध्ये कारणाशिवाय पायी चालणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो आमच्या समोरच्या घरात राहत होता. बाकी आम्ही सगळे कारणानेच चालतो, आणि कारण असलं तरी शक्यतो टाळतो. कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायला आम्ही मोटारसायकल काढतो. पायी जातो ते शेगावला, देवासाठी. नाहीतर निवडणुकीत, पक्षासाठी. नाहीतर पेट्रोल संपल्यावर, पंपापर्यंत. यापलीकडे चौथं कारण असू शकतं, हे आम्हांला ठाऊक नव्हतं. लोक इंग्लंडला मुलीकडे जाऊन येतात तेव्हा साबण आणतात, चॉकलेटं आणतात. काकांनी तिथून चालणं आणलं, जे आमच्या गावच्या गरिबांकडे आधीपासून मुबलक होतं.

काका तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. घर आणि कचेरी यांच्यामध्ये एक चहाची टपरी आणि एक पिंपळ, एवढंच अंतर. पण ते स्कूटरने जात आणि स्कूटर पिंपळाच्या सावलीत लावून उरलेली वीस पावलं कपाळावर आठ्या घालून चालत. त्यांच्या टेबलावरचे अर्ज मात्र तेवढेही चालत नसत. मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं काढतो. जगात जेवढे अन्याय, तेवढी माझी पत्रकं. प्रत्येक पत्रकाची पहिली प्रत मी काकांना नेऊन देई. ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचत, "जळजळीत हाय बे," म्हणत, आणि टेबलाला डाग पडू नये म्हणून त्यावर जेवणाचा डबा ठेवत. शासनाने माझ्या लिखाणाची एवढीच दखल घेतली आहे.

तर इंग्लंड. मुलगी-जावई म्हणाले, शनिवार-रविवार खेड्यापाड्यांतून चालायला जाऊ. काकांना वाटलं, शेवटी एखादं देवस्थान असेल. "दोन घंटे चाललो बे पावसात, जावयाचे बूट घालून. एक नंबर मोठे. म्हटलं, वर देऊळ-गिऊळ असंन, निदान प्रसाद तरी भेटंन. वर काय? वारा! सगळे वारा पाहून खूश झाले अन् खाली उतरले." मुक्काम एका खाणावळीत होता. तिथे उकडलेले बटाटे आणि वाटाणे आले, तेव्हा काकांनी पिशवीतून ठेच्याची डबी काढली. मालकीणबाईंनी सौजन्याने चव घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डबी दिसली की स्वयंपाकघरात जात होत्या म्हणे.

पण काका खरे हादरले ते रविवारी. वाट थेट एका शेतकऱ्याच्या वावरातून जात होती. मधोमध! एवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला. नोकरीभर धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, फुटलेली डोकी ज्याने कागदोपत्री पाहिली, त्या माणसाला पुढचं चित्र लख्ख दिसलं. काकांनी दोन्ही हात वर केले आणि वऱ्हाडीत ओरडले, "चाल्लो भाऊ, चाल्लो! काहीच नाही तोडलं!" शेतकऱ्याने ट्रॅक्टर थांबवला, ही मंडळी पुढे जाईपर्यंत वाट पाहिली, आणि वर हात हलवला. "हात हलवते बे!" काका परत आल्यावर महिनाभर सांगत होते. "त्याच्याच वावरातून आपण चाल्लो, अन् तो हात हलवते! इथं सख्खा भाऊ भावाले धुऱ्यावर पाय ठेवू देत नाही." मुलीने त्यांना सांगितलं की या वाटा फार जुन्या आहेत, लोक चालत राहिले म्हणून टिकल्या, आणि लोक चालतात तोवर मालकालाही त्या बंद करता येत नाहीत. उरलेली वाट काका खाली पाहत चालले, आणि मुलीला वाटलं, बूट चावतोय.

परत आल्यापासून दर शनिवारी आणि रविवारी सकाळी सातला काका निघू लागले. डोक्यावर टोपी, हातात काठी, पाठीवर पिशवी. काकू दारातून म्हणत, "निघाले साहेब! येतानी मेथी तरी आणा." "मी चालाले जाऊन राह्यलो, बाजाराले नाही," काका बाणेदारपणे सांगत. रस्त्यावरची प्रत्येक मोटारसायकल त्यांच्यापाशी थांबे, कारण आमच्याकडे ओळखीच्या म्हाताऱ्याला पायी जाऊ देणं हा त्याचा अपमान आणि आपलं पाप. "बसा काका." "नाही, चालून राह्यलो." "काऊन? स्कूटर बिघडली काय?" "स्कूटर चांगली हाय." "मंग?" या "मंग"वर काका काठी टेकत पुढे निघत, म्हणून गावाने आपापली उत्तरं तयार केली. काकूंनी घराबाहेर काढलं. साखर फार वाढली. पेन्शन अडकली. एकाने तर नगरसेवकपदाला उभे राहता काय म्हणून विचारलं आणि वॉर्डही सुचवला.

काकांनी चालायला निवडलेली वाट मात्र साधी नव्हती. गावाबाहेर एक जुनी पांदण आहे, म्हणजे शेतांमधून जाणारा गाडीरस्ता. गावच्या नकाशात तो आहे. जमिनीवर मात्र एका मोठ्या बागायतदाराने तो नांगरून, तार मारून आपल्या वावरात घेतला होता. आमच्या मागच्या आळीतल्या बाया कापूस वेचायला जातात, त्यांना त्यामुळे डांबरी सडकेने मोठा वळसा पडे. उशीर झाला की मुकादम परत पाठवी, आणि तो दिवस बुडे. त्यावर मी दोन पत्रकं काढली होती आणि एक उपोषणही केलं होतं. ते सोडवायला कोणीच न आल्याने दुपारी मीच सोडलं. काकांनी पत्रक काढलं नाही. ते तारेपाशी गेले, काठी पलीकडे टाकली, वाकले, आणि पॅन्ट फाडून घेत खालून गेले.

तिसऱ्या शनिवारी बागायतदार स्वतः आला. भांडायलाच आला होता. पण समोर पाहतो तर घामाघूम म्हातारा, हातात काठी, आठवड्याचे ठरलेले दोन वार, गाडीवर बसत नाही, कशासाठी चालतो ते सांगत नाही. याचा अर्थ आमच्या भागात एकच होतो. बागायतदाराने पायांतली चप्पल काढली. "काका, कायचा नवस हाय?" काकांना धाप लागली होती, आणि तोंडी विचारणेला उत्तर न देण्याची नोकरीतली सवयही होती. "मौन पण हाय काय?" बागायतदार हळूच म्हणाला, आणि त्याने हात जोडले. नवसाची वाट अडवली तर घराला बाधते. पुढच्या शनिवारी तार कापून गुंडाळून ठेवलेली होती आणि बाजूला पाण्याचा रांजण भरलेला होता. त्या दिवशी काकांच्या मागून तीन बाया गेल्या. रविवारी आठ. सोमवारी काका घरी झोपले होते, तरी बाया गेल्याच.

मी भडकलो. दोन पत्रकं आणि अर्ध्या दिवसाचं उपोषण यांना जे जमलं नाही, ते अंधश्रद्धेने करावं? मी तिसरं पत्रक लिहिलं, "नवस नव्हे, हक्क!", आणि छापण्याआधी काकांना नेऊन दिलं. त्यांनी ते वाचलं. यावेळी त्यावर काही ठेवलं नाही.

"वेचणी होऊ दे. मंग छाप," ते म्हणाले.

"म्हणजे सत्य लपवायचं?"

"सत्य पाह्यजे काय तुले?" काकांनी चष्मा काढला. "या पांदणीचा अर्ज माह्याच टेबलावर आला होता. बायांनीच केला होता, अंगठे लावून. मी जागेवर गेलो नाही. बसल्या जागी लिहिलं, रस्ता वापरात दिसून येत नाही. साहेबानं सही केली. झालं." थोडा वेळ ते फाटलेल्या पॅन्टच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिले. "तारेच्या मांगं रस्ता वापरात कसा दिसंन बे? त्या गोऱ्यानं हात हलवला ना, तवा मले तेच आठवलं."

मला जगातल्या सगळ्या अन्यायांवर बोलता येतं. त्या दिवशी पत्रकाची घडी करून मी खिशात ठेवली.

पुढे काकांचा गुडघा गेला. मुलगी येऊन त्यांना आणि काकूंना इंग्लंडला घेऊन गेली. पुढच्या शनिवारी काकांच्या जागी कोणीच चाललं नाही तर तार पुन्हा लागेल, या धास्तीने सकाळी सातला मी निघालो. मागून वेचणीच्या बाया येतच होत्या. बागायतदार वाटेतच उभा होता. गुंडाळलेली तार अजून त्याच्या लिंबाच्या झाडाला टेकून होती.

"काका?"

"मुलीकडे गेले. आता तिकडेच राहतील."

"मंग तुम्ही कसे? नवस तुमच्याकडं आला काय?"

हो म्हणावं तर माझी सगळी पत्रकं खोटी. नाही म्हणावं तर बायांची वाट गेली. मी घसा साफ करत होतो, एवढ्यात कमरेला कापसासाठी ओटी बांधलेली एक बाई मागून वैतागली. "काय नवस घेऊन बसले भाऊ सकाळी सकाळी! सरका ना, मुकादम वाट पाहून राह्यला!"

बागायतदार गोंधळला आणि बाजूला झाला. मीही झालो. कोणाची शेळी व्याली, कोणाच्या पोरीला पाहायला पाहुणे आले, असं बोलत त्या सगळ्या आमच्या दोघांच्या मधून निघून गेल्या.

त्या संध्याकाळी काकांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ते खोकला येईपर्यंत हसले. मुलगी अजून शनिवारी डोंगराकडे नेते म्हणाले, पण आता गाडीने. बाकीचे वर जातात आणि काका खाली बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळतात. मग त्यांनी विचारलं, "बाया विचारतात काय बे मले?"

बायांच्या बोलण्यात शेळी होती, पाहुणे होते, मुकादम होता. काका नव्हते.

"रोज विचारतात," मी म्हणालो.

"खोटं बोलून राह्यला," काका म्हणाले. पण फोन त्यांनी बराच वेळ ठेवला नाही.