दाजींच्या गाडीची सैल चेन

गाडीत इंजिन नाही म्हणजे गाडीला काहीच लागत नाही, असं समजणारी माणसं आहेत आणि त्यांत आमच्या दाजींचा नंबर पहिला लागेल. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. जुळे सोलापुरात फ्लॅट, कचेरीत टेबल आणि दाराशी बॅटरीवरची मोटारसायकल. गाडी आणली त्याच दिवशी मला म्हणाले, "पाव्हणं, हिला ऑइल न्हाय, प्लग न्हाय, सर्व्हिसिंग न्हाय. चार्ज करायची अन् पळवायची, बास."

मी टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. ग्रीस लागलेली नखं घेऊनच मी जेवत आलो. मी वाकून बघितलं तर मोटरपासून मागच्या चाकापर्यंत चांगली जाडजूड चेन होती. म्हटलं, "दाजी, चेन हाय की ही. हिला तेल लागतं, ताणून घ्यावी लागती. बॅटरीची गाडी जागेवरनं एकदम जोर लावती, चेन लवकर ढिली पडती." दाजी माझ्याकडं बघून हसले आणि जेवायला चला म्हणाले.

तेलाचं राहिलं, दाजींनी गाडीला दागिने घालायला घेतले. आधी दोन फॉग लाइट. सोलापुरात त्यांना धुकं कुठं दिसलं देव जाणे. मग खालच्या बाजूला निळ्या लाइटची पट्टी, मोबाइलचा चार्जर, आठ सुरांत वाजणारा हॉर्न, आणि शेवटी दोन स्पीकर. जोडणी करायला आणला कोण, तर लग्नाच्या मांडवात लायटिंग करणारा. तो शहाणा मोठ्या बॅटरीलाच सरळ वायर डकवायला निघाला होता. मी तिथं होतो म्हणून बॅटरीचा जोर बारा व्होल्टवर उतरवणाऱ्या कन्व्हर्टरवरून, मध्ये रिले आणि फ्यूज घालून जोडणी झाली. नाहीतर पहिल्याच संध्याकाळी सगळे दागिने जळाले असते. त्याचं श्रेय मला मिळालं ते असं की, "पाव्हणं, तुमी लई भेता." अ‍ॅम्प्लिफायरला जागा पुरेना, म्हणून सीटखालची पान्यांची पिशवी काढून माळ्यावर टाकली. पाने काढून तिथं गाणी ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

या गाडीला आवाज नसतो. त्यामुळं चेन कोरडी पडली, सैल झाली की लगेच कानाला कळतं. पण दाजी कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही गाणी लावून जायचे. चेन खर्रखर्र करून सांगत होती आणि स्पीकर तिला बोलू देत नव्हते. मी मनातल्या मनात हसायचो. खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली होती.

माझी बहीण शहराबाहेरच्या एका गावात अंगणवाडी सेविका. अठरा वर्षं पोरांना भात शिजवून घालतेय, वजनं करतेय आणि रजिस्टरं भरतेय. यंदा सुपरवायझरच्या जागेची परीक्षा निघाली. वयाच्या अटीत तिला ही शेवटची संधी होती. चार महिने ती ओट्यापाशी पुस्तक उभं करून पाठ करत होती. परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, पुणे रस्त्यावरच्या एका कॉलेजात होती. नऊ वाजता गेट बंद, मग कुणाचंही ऐकत नाहीत. सोडायला अर्थातच दाजी आणि त्यांची गाडी.

खंडेनवमीला मी त्यांच्याकडं जेवायला गेलो. गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून उभी. चेनीवर तर दाजींनी मूठभर हळदीकुंकू टाकलं होतं. वर्षभरात त्या चेनीला लागलेली तेवढीच एक वस्तू. मी बोटानं चेन वर उचलून बघितली. बोट-दीड बोट हलावी ती चार बोटं हलत होती. माझे पाने माझ्या घरी पूजेला मांडले होते, आणि आमच्यात खंडेनवमीला पूजेतल्या हत्याराला हात लावत नाहीत. मी हात धुतले आणि पुरणपोळी खाल्ली. चेनीबद्दल एक अक्षर बोललो नाही.

त्या दिवशी निदान पाने पूजेला होते. दसऱ्याला सकाळीच मी ते उचलले. संध्याकाळी दोघं सोनं द्यायला माझ्याकडं आली. दाजींनी आठही सूर वाजवून सगळी गल्ली दारात आणली आणि शेजाऱ्यांना सांगितलं, "वर्ष झालं, एक रुपायाचा मेंटेनन्स न्हाय." पान्यांची पेटी माझ्या पायाशी होती आणि काम वीस मिनिटांचं होतं. पण मला ते वाक्य त्यांच्या घशात गेलेलं बघायचं होतं. एखाद दिवशी कचेरीच्या दारात, साहेबांच्या समोर चेन उतरेल, असं चित्र मी मनात रंगवून ठेवलं होतं. रविवारचा विचार माझ्या डोक्यात आला नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. आला होता. एवढ्यात काही होत नाही म्हणून मी तो बाजूला सारला.

रविवारी आठ पस्तीसला दाजींचा फोन आला. "पाव्हणं, गाडी बंद पडली. मोटर फिरती की, पन गाडीच हलंना. लाइटा लागत्यात, हॉर्न वाजतोय. दोन्ही फ्यूज काढून बघितलं. मांडववाल्याला फोन केला, तो उचलंना."

चेन उतरली हे मला पहिल्याच वाक्याला कळलं. मला हसू आवरेना. म्हटलं, "अजून दोन लाइटा लावा, मग पळंल. त्या मांडववाल्याला म्हणावं, सनईवाला बी घिऊन ये. हळदीकुंकू टाकलं होतं न्हवं चेनीवर? आता नारळ फोडा." वर्षभराचं साठवलेलं सगळं बोलून घेतलं. दाजी नुसतं "व्हय, व्हय" म्हणत होते. पोटभर बोलून झाल्यावर मी सांगितलं की आधी स्विच बंद करा, बोटं जातील, आणि खाली वाकून चेन बघा. पण बघून करणार काय? पाने माळ्यावर होते. तेव्हा कुठं मी म्हणालो, "तिला रिक्षात बसवा."

मी पेटी घेऊन तिथं पोचलो तेव्हा दाजी एकटेच रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले होते. मी मागच्या चाकाचा नट सैल केला, दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे फिरवून चाक मागं घेतलं, चेन चढवली. चाक हातानं फिरवून जिथं ती सगळ्यात ताठ होते तिथं मोजली, ब्रशनं हळदीकुंकवाचा लगदा काढला, तेल दिलं. वीसच मिनिटं लागली. दाजी बाजूला उभं राहून प्रत्येक गोष्ट नीट बघत होते.

एवढ्यात बहीण रिक्षातून उतरली. हातात हॉलतिकीट तसंच होतं. कॉलेजच्या गेटवर ती नऊ वाजून चार मिनिटांनी पोचली होती. मी तोंड उघडलं, म्हटलं, आता दाजींना चार शब्द सुनवावेत.

तिनं मला थांबवलं. "दादा, फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता," ती म्हणाली. "तू हसत हुतास तवा एक रिकामी रिक्षा गेली. हात केला न्हाय मी. म्हटलं, दादा हसतोय म्हंजी बारीकसंच काय तरी असंल, आता सांगंल."

मग ती दाजींच्या मागं बसली. स्पीकर बंद होते, चेनीचाही आवाज येत नव्हता. गाडी गेली आणि मी पाने पुसत तिथंच उभा राहिलो.