टेलरकाकूंची दुहेरी पेरणी

टेलरकाकूंना गल्लीत कुणीच खऱ्या नावाने हाक मारत नसे. चाळीस वर्षं घरातल्या पुढच्या खोलीत बसून त्यांनी अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले होते. कुणाचं पोट सुटलंय, कुणाचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आहे, हे सगळं त्यांना पाठ. पण ते त्यांच्या तोंडून कधी बाहेर आलं नाही. नजर अधू झाली तशी मशीन बंद झाली, आणि मग त्यांनी मोर्चा वळवला परसातल्या दोन वाफ्यांकडे.

पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाऊस ओसरून थंडी पडायला लागली तशी काकूंनी बियांचा डबा उघडला, आणि नेमका त्याच सकाळी मुलाने चहाचा कप खाली ठेवत विषय काढला.

"आई, परसात फरशी घालून घेतोय. गाडी रस्त्यावर उभी असते, येणारा-जाणारा ओरखडे काढतो. आणि तुला डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून सांगितलंय."

"आणि माझे वाफे?"

"भाजी बाजारात मिळते की."

"कपडेही मिळायचे बाजारात. तरी बायका माझ्या दारात ताटकळायच्या त्या काय चहा प्यायला?"

मुलगा हसला. वाद घालून आईपुढे आपला निभाव लागत नाही, हे तो लहानपणीच शिकला होता. तो म्हणाला, "बरं बाई. फरशीवाला तीन आठवड्यांनी, सोमवारी येतोय. तोवर तुझ्या वाफ्यातलं काही ताटात आलं, तर बघू."

हे म्हणताना तो अगदी निर्धास्त होता. मागच्या वर्षी मटाराने दोन महिने वाट बघायला लावली होती, ते त्याला चांगलं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी काकू उंच स्टूल घेऊन परसात गेल्या. काठीच्या टोकाने त्यांनी सरळसोट रेघा ओढल्या. एका वाफ्यात लाल मुळा आणि पालक, दुसऱ्यात मटार. मटार काय तीन आठवड्यांत येणार नव्हता, पण तो पेरायचा नाही म्हणजे हरल्याचं आधीच कबूल करायचं. मुळ्याची एक ओळ पेरून झाली की काकू पुन्हा पहिल्या टोकाला जात आणि त्याच ओळीत परत बी सोडत. पालकाचंही तसंच.

शेजारचे निवृत्त कंडक्टरकाका भिंतीवरून बघत होते. "काकू, बी पेरताय की मीठ मारताय?"

"एकेरी टीप उसवते. मी आयुष्यात सगळं दुहेरी शिवलंय."

"अहो, ते कापड होतं. यांना श्वास घ्यायला जागा नको? माझ्या बसमध्येसुद्धा उभ्याचे प्रवासी मी मोजून घ्यायचो."

"म्हणूनच लोक स्टॉपवर राहायचे," काकू म्हणाल्या आणि पुढच्या ओळीला लागल्या.

पाचव्या दिवशी मुळा उगवला, नवव्या दिवशी पालक. बारावा उजाडला तेव्हा वाफा दात घासायच्या ब्रशासारखा दिसत होता. रोपं एकमेकांच्या अंगावर रेलून, उजेडासाठी माना उंच करून, किडकिडीत होत चाललेली. काकूंनी एक उपटून पाहिलं. खाली मुळा कसला, दोरा!

"तिनातली दोन काढा," कंडक्टरकाका भिंतीपलीकडून म्हणाले. या खेपेला त्यांनी चेष्टा केली नाही, ते काकूंना जास्त झोंबलं.

चूक आपली होती. ती त्यांनी कुणाजवळ कबूल केली नाही, पण दोन दिवस त्या सुनेशीसुद्धा धड बोलल्या नाहीत. आठवडाभरात सोमवार येणार होता, आणि ताटात ठेवण्यासारखं काही म्हणता काही नव्हतं. मनात आलं, द्यावं सोडून. मग त्यांना त्या विचाराचाच राग आला.

रविवारी सकाळी दोरे कापायची बारीक कात्री घेऊन त्या स्टुलावर बसल्या आणि विरळणीला लागल्या. दोन रोपं कापायची, एक ठेवायचं. कापलेलं फेकवेना, म्हणून एक पान तोंडात टाकलं. जीभ चुरचुरली. बोटभर रोपाला मुळ्याचा पुरा तिखटपणा होता. काकू एकट्याच हसल्या.

दुपारी प्रत्येकाच्या ताटात भाताशेजारी हिरवा ढीग आला, लिंबू आणि मीठ लावलेला.

"हे काय?" मुलाने विचारलं.

"वाफ्यातलं."

"आई, हे गवत आहे. हे धरायचं नाही."

"ताटात यायला हवं म्हणालास. केवढं होऊन यायला हवं ते म्हणाला नाहीस."

सुनेने एक घास खाल्ला, मग न विचारता दुसऱ्यांदा वाढून घेतलं. "अहो आई, मस्त झणझणीत आहे!"

"तू गप्प," मुलगा बायकोला म्हणाला आणि आईकडे वळला. "मी तुझ्या गुडघ्यासाठी सांगतोय ना?"

काकूंनी हातातला घास ताटात ठेवला. "हा गुडघा मशीनचं पायडल मारून गेलाय, वाफ्यात नाही. चाळीस वर्षं मारलं. तेव्हा गुडघ्याच्या काळजीने मशीन बंद करायला कुणी आलं नाही. आता मला जे आवडतं तेवढंच बरं गुडघ्याला बाधतं!"

मुलाने मान खाली घालून ताटातला ढीग संपवला. पण फरशीवाल्याला नको म्हणून फोन केला नाही.

सोमवारी सकाळी फरशीवाला हातगाडी घेऊन आला, तेव्हा काकू दोन वाफ्यांच्या मधोमध स्टूल टाकून बसल्या होत्या.

"आजी, जरा उठता का?"

"नाही."

"मग काम कसं करू?"

"मुळा भरायला दहा दिवस आहेत. मग पालक. मग मटार. मटारानंतर ये विचारायला, तेव्हाही नाहीच म्हणेन."

फरशीवाल्याने मुलाकडे पाहिलं. मुलाने आईकडे पाहिलं. भिंतीपलीकडे कंडक्टरकाका खोकले, पण तो खोकला खरा नव्हता.

"आणि या फरश्यांचं काय करू मी?" मुलगा वैतागून म्हणाला.

"मागच्या दारापासून वाफ्यापर्यंत सरळ वाट घाल. चिखलात पाय सरकतो माझा. गुडघ्याची काळजी आहे ना तुला?"

दुपारपर्यंत वाट झाली. उरलेल्या फरश्या भिंतीला टेकून राहिल्या आणि गाडी रस्त्यावरच राहिली. मुलगा चार दिवस आईशी मोजकंच बोलला. काकू मात्र त्याच्याशी भरपूर बोलल्या.