चढती, उतरती आणि वरच्या गल्लीचा आड

देवी व्हायची चांगली संधी मला आली होती. साडी, नारळ, पायावर टेकायला तयार असलेली डोकी, सगळं जमून आलं होतं. मी ती लाथाडली. आमच्या आत्यानं मरेपर्यंत त्याची हळहळ केली, आणि मला मात्र आजही त्या दिवसाची आठवण आली की हसू येतं.

आमचं गाव कानडी मुलखातलं, संतपूरपासून चालत जाण्याएवढं जवळ. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी मायच्या पोटात होते. घरातले देव त्यांनी टोपल्यात भरले आणि नेऊन मांजरा नदीत सोडले. आत्या, त्यांची विधवा बहीण, आमच्याच घरी राहायची. तिनं देवीचा एक टाक ज्वारीच्या कणगीत लपवला होता. हे अप्पांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. बहुतेक अप्पांनाही असावं, पण बहिणीपुढं त्यांचं काही चालायचं नाही.

दहावी पास होऊन मी मास्तरकीच्या कोर्साची वाट बघत होते, त्या वर्षी हे सुरू झालं. घरात त्याला नाव पडलं चढती आणि उतरती. चढतीत मला झोप नको, भाकर नको. तूर निवडायला बसायचं, ती अर्धी टाकून भिंत सारवायची, भिंत अर्धी सोडून शेजारणीचं भांडण मिटवायला धावायचं. बोलणं तर असं, की मराठी, कानडी, दखनी उर्दू तिन्ही एकाच वाक्यात आणि समोरच्याला हुंकार द्यायलाही जागा नाही. माय म्हणायची, "जरा दम खा गं बाई, जीभ झिजंल." आणि मग एका सकाळी सगळं विझलेलं असायचं. वेणी घालायला हात वर जायचा नाही. माय भाकरीचा तुकडा तोंडाशी धरायची आणि तो चावायचा आहे या विचारानंच मला रडू यायचं. काहींना असलं दुखणं वर्षानुवर्षांनी येतं म्हणे. माझं दुखणं घाईचं. ज्वारी पेरल्यापासून ती खळ्यात येईपर्यंत मी वर जाऊन, खाली येऊन परत वर चढलेली असायचे.

अशाच एका चढतीत वरच्या गल्लीतल्या पाटलीणबाईंची म्हैस हरवली. गडी गावभर शोधत होते. मी वाटेत उभी राहून ओरडले, "नाल्याच्या डोहाकडं बघा की! म्हैस काय सिनेमा बघायला गुलबर्ग्याला जायलीय व्हय?" म्हैस डोहातच सापडली. उन्हाच्या वेळी म्हैस पाण्याकडं जाणार, हे सांगायला देवी कशाला लागते? पण माझे डोळे, माझं ते न थांबणारं बोलणं बघून गावानं ठरवून टाकलं, पोरीच्या अंगात येतं.

दुसऱ्याच दिवशी पाटलीणबाई नारळ घेऊन आमच्या दारात. या बाईंनी जन्मभर आमच्या घागरीत वरून पाणी ओतलं होतं. शिंतोडा उडू नये म्हणून पदर सावरून, तेही त्यांना सवड झाली की. त्यांनी माझ्या पायावर डोकं ठेवलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. त्या दिवसापासून देवीसाठी म्हणून त्यांच्या आडाचं गोड पाणी रोज आमच्या घरी यायला लागलं. चढती संपली, मी भिंतीकडं तोंड करून निजले, की पाणी बंद. देवी रुसली, म्हणायचे.

अप्पा पेटले. "चल," म्हणाले, "गुलबर्ग्याला जाऊ. डॉक्टरला दाखवू."

आत्या दारात आडवी आली. "कामून नेतूस रे तिला? लक्ष्मी पायानं घरात आली अन् तू तिला दवाखान्यात घालायलास!"

"देव सोडले म्या, अक्का. आता पोरीच्या रूपानं माघारी घेऊ व्हय? बिमारी हाय ती. बिमारीला डॉक्टर असतो."

डॉक्टर कानडी, आम्ही मराठी, त्यामुळं बोलणं झालं ते दखनीत. त्यांनी मला विचारलं, झोप किती लागते, बोलावंसं कधी वाटतं, मरावंसं कधी वाटतं. मरावंसं वाटतं का, हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी ढसाढसा रडले. ते म्हणाले, या बिमारीत माणूस वर जातो, खाली येतो, फक्त तुझं जाणं-येणं फार लवकर लवकर होतंय. बिमारीचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. अप्पांनी ते डॉक्टरांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, आणि गावात येऊन पारावर बसून असं सांगायला लागले जणू मला जहागिरी मिळालीय.

औषध होतं मिठाच्या जातीची एक गोळी. डॉक्टरांनी बजावलं, "पाणी भरपूर प्यायचं. उन्हाळ्यात तर जास्तच. अंगात पाणी कमी पडलं तर हीच गोळी जहर होईल." रक्त तपासायला, गोळ्या वाढवायला, बदलायला किती खेपा झाल्या त्याला गणती नाही. हात थरथरायचे. पुढं मी मास्तरीण झाले तेव्हा फळ्यावरचं माझं अक्षर बघून पोरं हसायची, आणि मी त्यांना म्हणायचे, "हसा, पण वाचून दाखवा." चढती-उतरती कायमची गेली नाही. मात्र दोन्हीच्या मधे सपाट जागा दिसायला लागली, तिथं मला उभं राहता यायचं. पण हे सगळं नंतरचं. त्याआधी तो उन्हाळा आला.

आमच्या गल्लीचा आड चैतातच आटायचा. तळाशी चिखल, तो फडक्यानं गाळून प्यायचा. आणि मला तर गोळीनं अशी तहान लागायची की तांब्या खाली ठेवावासा वाटायचा नाही. देवी झाले तर गोड पाणी दारात. आजारी पोर झाले तर चिखल. आत्यानं सोपा हिशेब मांडला. "चैती पुनवंला माळ घालून घे. पाणी येईल. गोळी बी गीळ की, कोण न्हाई म्हणायलंय?"

माळ म्हणजे देवीच्या नावाची माळ. ती गळ्यात पडली की लग्न नाही, मास्तरकी नाही. डोक्यावर परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा, लोकांनी विचारायचं आणि मी घुमायचं. म्हणजे चढतीतच जगायचं, आणि उतरतीत रुसलेली देवी म्हणून कोपऱ्यात मरायचं.

पुनवंला हलगी वाजवत गाव आमच्या अंगणात आलं. तबकात माळ, हिरवी साडी. नेमकी माझी चढती आलेली. हलगीच्या ठोक्यावर माझे पाय आपसूक हलायला लागले, आणि खरं सांगते, मला वाटलं, हे लोक म्हणतात तीच मी आहे. पाटलीणबाईंनी वाकून माझे पाय घट्ट धरले. "आई, बोल."

मी पाणी मागितलं. कुणीतरी धावत तांब्या आणला. मी घटाघटा प्याले आणि म्हणाले, "बाईसाब, मी देवी न्हाई. मला बिमारी हाय. तिचं नाव अप्पांनी पाठ केलंय, त्यास्नी इचारा. तुम्ही धरलाव ते खालच्या गल्लीतल्या पोरीचे पाय हैत. तुमचा हात लागून माझं काई बिघडलं न्हाई, तुमचं बी न्हाई. तवा उद्यापासून तुमच्या आडावर मी माझ्या हातानं पाणी शेंदणार."

हलगी थांबली. पाटलीणबाई उठल्या, हात झटकले. "बघू की, कशी येतीस ते."

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. अप्पांनी डोक्याचा पटका सोडला आणि परत कडक बांधला.

चढतीत असं बोलणं काही अवघड नसतं हो. त्या तोऱ्यात मी कुणालाही आव्हान दिलं असतं. पण सकाळी डोळे उघडले तर उतरती छातीवर येऊन बसलेली! मेलीला तेवढाच मुहूर्त सापडला. मी पडून राहिले. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. आमच्या गल्लीतल्या बायका येता-जाता दारातून डोकावायच्या आणि पुढं जायच्या. वरच्या गल्लीत हसत होते, देवी उतरली, पोर झोपली. कायदा आमच्या बाजूचा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. पण कायद्याची घागर भरायला जाणार कोण?

माय स्वतः कमी पिऊन मला पाणी द्यायची. ते कळलं तेव्हा मी गोळी बंद केली, तहान तरी कमी लागेल म्हणून. अप्पा म्हणाले, "मी जाऊ का आडावर?"

"नका जाऊ," मी म्हणाले. "तुम्ही गेलात तर काठ्या निघतील. बोलले मी, जाणार बी मीच."

म्हणायला म्हणाले, पण अंथरुणावरून उठायलाच मला कोण जाणे किती वेळ लागला. केस विंचरले नाहीत. तोंड धुवायला पाणीच नव्हतं. गोळी पदराला बांधली, घागर उचलली. चढाच्या वाटेवर अर्ध्यात मी मटकन खाली बसले आणि रडले. कुणाची भीती वाटून नाही, नुसता पाय पुढं टाकवेना म्हणून. मग डोळे पुसले आणि तो पाय टाकला.

आडावर बायकांची गर्दी होती. पाटलीणबाई कठड्याशीच होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "आज अंगात हाय का गं?"

आवाज चक्क मऊ होता. मी 'व्हय' म्हणाले असते तर सगळ्यांचीच सुटका होती. त्यांचीही, माझीही.

"न्हाई बाईसाब," मी म्हणाले. "आज कोण बी न्हाई. मी एकटीच आलेय."

त्यांनी आपली घागर बाजूला ओढली. विटाळ नको म्हणून ओढली की मला वाट द्यायला, देव जाणे. मला जागा झाली. मी बादली सोडली. दोर ओढताना निम्मं पाणी आतच सांडलं, पण निम्मं वर आलं. पदराची गाठ सोडून गोळी तोंडात टाकली आणि तिथंच, सगळ्यांसमोर, ओंजळीनं पाणी प्याले. थंडगार, गोड पाणी.

मागं वळले तर माय घागर घेऊन उभी होती, आणि तिच्या मागं आमची सगळी गल्ली.