शेवट न पाहिलेले सिनेमे

बेटावरच्या ग्रां बुआ या गावातल्या बैठकेत महिन्यातल्या एका मंगळवारी संध्याकाळी भजन संपलं की तुलसीराम सिनेमा सांगायचा. बैठक म्हणजे पत्र्याच्या छपराची एकच खोली. दुपारी तिथं मुलांना मराठी अक्षरं गिरवायला लावत आणि संध्याकाळी मोठी माणसं जमत. तुलसीराम चहाच्या कारखान्यात पानं सुकवायच्या कामावर होता. शिक्षण सहावीपर्यंत. पण महिन्यातल्या एका रविवारी तो रोझ बेलला जाऊन हिंदी सिनेमा बघायचा आणि त्यानंतरच्या मंगळवारी तो मराठीत उलगडायचा. गावातली माणसं आपसात क्रेओल ही तिथली बोली बोलत, देवापुढे मराठी. पडद्यावरचं हिंदी निम्मं डोक्यावरून जाई. शिवाय तुलसीराम नुसती गोष्ट सांगत नसे. नायकानं बापाचं घर का सोडलं, त्यात त्याचा अहंकार किती आणि बापाचा किती, हे तो वाटे घालून दाखवी. दुकानदार हरिलालनं अशाच एका मंगळवारनंतर दारू सोडली होती.

एक गोष्ट फक्त त्याच्या बायकोला, विद्यावतीला, ठाऊक होती. खेळ साडेतीनला सुरू व्हायचा आणि पावणेसातला सुटायचा. ग्रां बुआची शेवटची बस सव्वासहाची. म्हणजे तुलसीराम दर वेळी शेवटचा पाऊण तास सोडून उठायचा. सुरुवातीला तो कारखान्यात कुणाकुणाला शेवट विचारून घेई. मग विचारणं बंद झालं. बसमध्ये बसल्या बसल्या त्याला शेवट सुचायचे, आणि ते चांगले असायचे.

१९७८ मध्ये त्यानं एक कोर्टाचा सिनेमा सांगितला. नवऱ्यावर खुनाचा आळ, बायकोनं त्याला रक्ताचे हात धुताना पाहिलेलं, आणि आता ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी. तिथपर्यंतचं तुलसीरामनं पाहिलं होतं. पुढचं बसमध्ये सुचलं: ती खरं बोलते, नवरा तुरुंगात जातो, आणि सासरा भर कोर्टात उठून, डोळ्यांत पाणी आणून, सुनेचा हात धरून तिला घरी नेतो.

त्या मंगळवारी त्याची धाकटी बहीण अनुसया माहेरी आलेली होती. ती कडेला बसली होती, मांडीवर चार वर्षांची रीता. तिचं सासर मोंतान्य ब्लांशला. नवरा कृष्णदेव उसाची लॉरी चालवायचा. तीन आठवड्यांपूर्वी त्या रस्त्यावर एक म्हातारा सायकलस्वार लॉरीखाली मेला होता आणि गोवर्धन नावाच्या दुसऱ्याच ड्रायव्हरला पकडलं होतं. त्या रात्री कृष्णदेव अंगणातल्या नळाशी लॉरीचा पुढचा भाग घासून घासून धूत होता, हे अनुसयानं पाहिलं होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सिनेमा ऐकल्यावर दोन दिवसांनी ती पोलिसांकडे गेली.

गोवर्धन सुटला. कृष्णदेवला आठ महिन्यांची शिक्षा झाली. सासरा हरिप्रसाद कुठल्याही कोर्टात उठून उभा राहिला नाही. त्यानं अनुसयाची पेटी बसस्टॉपवर आणून ठेवली आणि नात ठेवून घेतली. तेव्हापासून ती भावाकडे होती, शिवणकाम करत होती, आणि महिन्यातून एकदा मोंतान्य ब्लांशच्या शाळेच्या फाटकाशी उभी राहून रीताला पाहून येत होती.

पाच वर्षांनी, १९८३ मध्ये, हरिप्रसादचा निरोप आला. कृष्णदेवच्या बहिणीचं लग्न ठरत होतं आणि मुलाकडचे त्या जुन्या प्रकरणाचं विचारत होते. अनुसयानं समाजातल्या चार मोठ्या माणसांसमोर एवढंच म्हणायचं, की तेव्हा आपल्याला नीट दिसलं नव्हतं. मग तिनं परत नांदायला यावं. रीता नऊ वर्षांची झाली होती. हरिप्रसाद उत्तरासाठी रविवारी येणार होता.

आदल्या दिवशी, शनिवारी, टीव्हीवर तोच कोर्टाचा सिनेमा लागणार होता.

"मी तो बघणार, दादा," अनुसया म्हणाली. "तुझ्या तोंडून ऐकलाय. आता डोळ्यांनी बघते, मग मामंजींना काय ते सांगते."

तुलसीरामच्या हातातला घास हातातच राहिला. विद्यावतीनं त्याच्याकडे पाहिलं आणि भाताचं पातेलं उचलून आत गेली.

"सांग तिला," रात्री ती म्हणाली.

"शेवट तसाच असेल कदाचित."

"असेल. आणि नसेल तर?"

मंगळवारी बैठकेत त्यानं घसा दुखतो म्हणून सिनेमा सांगितला नाही. बुधवारी तो कारखान्यातून मुद्दाम उशिरा आला. गुरुवारी अनुसया मशीनवर होती आणि त्यानं दारात उभं राहून "अनू" अशी हाक मारली. तिनं वर पाहिलं. त्यानं चहा आहे का म्हणून विचारलं. शुक्रवारी ती शाळेच्या फाटकाशी जाऊन आली आणि जेवली नाही.

शनिवारी हरिलालनं दुकानातला टीव्ही बैठकेत आणून ठेवला. चाळीस-पन्नास माणसं होती. "तुलसीरामभाई, पुढं बसा," हरिलाल म्हणाला. "कुठं समजलं नाही तर तुम्ही आहातच." तुलसीराम मागं भिंतीशी बसला. सिनेमा त्याला प्रसंगानुप्रसंग आठवत होता. नायिकेनं रक्ताचे हात पाहिले तेव्हा बायकांमधून "आयो" असा एकच आवाज आला. अनुसया ताठ बसली होती. पोलीस आले, नवऱ्याला बेड्या पडल्या, आणि मधल्या बातम्या सुरू झाल्या. माणसं पाय मोकळे करायला उठली. तुलसीराम तिच्या मागोमाग बाहेर गेला.

"अनू, या सिनेमाचा शेवट मी पाहिलेला नाही."

"म्हणजे?"

"सहाला उठायचो मी. बस असायची. ती पिंजऱ्यात उभी राहते तिथून मी उठलो. पुढचं सगळं माझं."

आतून बातम्या सांगणाऱ्याचा फ्रेंच आवाज येत होता.

"ती खरं बोलते, ते?"

"माझं."

"आणि सासऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी?"

"तेही."

"पाच वर्षं मी त्या पाण्याची वाट बघतेय, दादा."

एरवी लोकांच्या अडचणींवर त्याच्याकडे चार वाक्यं तयार असत. "सुरू झालं, सुरू झालं!" हरिलाल आतून ओरडला. अनुसया वळली आणि आत जाऊन आपल्या जागेवर बसली. तो दारातच उभा राहिला.

नायिका पिंजऱ्यात आली. वकिलानं विचारलं, तू काय पाहिलंस? ती गप्प. पुन्हा विचारलं. तिचा चेहरा मोठा होत होत पडदाभर झाला. तिसऱ्यांदा विचारलं. तिचे ओठ हलले, आणि तेवढ्यात कोर्टाचं दार धाडकन उघडून घरचा म्हातारा माळी धावत आला. त्यानं सगळं पाहिलं होतं. खून मुनीमजीनं केला होता. नवरा मरणाऱ्याला वाचवायला गेला होता म्हणून हात रक्ताचे. नवरा सुटला. बायकोनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. ती काय बोलणार होती, ते कुणी विचारलं नाही.

बैठकेत गोंधळ उडाला. "तुलसीरामभाई, हा वेगळाच आहे काय?" हरिलाल विचारत होता. अनुसया उठून, कुणाशी न बोलता, घरी गेली.

सकाळी ती चुलीशी होती. तुलसीराम पाटावर बसला.

"तिला बोलावंच लागलं नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे कुठला माळी आला नाही." मग चुलीतलं लाकूड आत सारत, "चांगले कप काढ. मामंजी येतील."

हरिप्रसाद दहाला आला. पांढरा शर्ट, हातात टोपी. पाच वर्षांत तो वाकला होता. त्यानं रीताचं प्रगतिपुस्तक आणलं होतं. ते टेबलावर उघडून ठेवलं. अनुसयानं ते वाचलं, शेवटच्या पानापर्यंत.

"नीट दिसलं नव्हतं," हरिप्रसाद म्हणाला. "एवढंच. कुणाला खोटं पाडायचं नाही. अंधार होता, म्हण."

"नळावर दिवा होता, मामंजी. तुम्हीच लावलेला." तिनं प्रगतिपुस्तक मिटलं. "मी येते. आत्ता येते, पिशवी भरायला दहा मिनिटं लागतील. सगळ्यांचं करीन. पण ते म्हणणार नाही."

"मग पोर आमच्याकडे राहील."

"ते कोर्ट ठरवेल."

तिनं कोर्ट हा शब्द या पाच वर्षांत पहिल्यांदा उच्चारला. हरिप्रसादनं कप न उचलता तुलसीरामकडे पाहिलं. "तुम्ही समजवा हिला. अख्ख्या गावाला समजावता, ऐकतो आम्ही मोंतान्य ब्लांशला."

तुलसीरामला वाक्य सुचलं होतं. म्हातारा कुठल्या शब्दाला मऊ होईल, हेही त्याला दिसत होतं. त्यानं ते वाक्य बाजूला ठेवलं.

"तिनं पाहिलंय," तो म्हणाला. "मी तिथं नव्हतो."

हरिप्रसादनं टोपी उचलली. प्रगतिपुस्तक तो घेऊन गेला.

सोमवारी भाऊ-बहीण क्युअरपिपला वकिलाकडे गेले. मंगळवारी तुलसीरामनं बैठकेत उभं राहून सांगितलं, की अकरा वर्षांत जेवढे सिनेमे सांगितले त्यांतल्या चार-पाचांचे शेवट तेवढे पाहिलेले आहेत. हरिलालनं दारुड्याच्या सिनेमाचं विचारलं. तो शेवट आपला होता, असं तुलसीराम म्हणाला. हरिलाल उठून गेला आणि तीन आठवडे आला नाही; दारूला मात्र त्यानं हात लावला नाही, असं त्याची बायको सांगते.

निकालाला चौदा महिने लागले. रीतानं शनिवार-रविवार आईकडे राहायचं, बाकी दिवस मोंतान्य ब्लांशला. पहिल्या शनिवारी ती बसमधून उतरली तेव्हा तिला मराठी समजत होतं पण बोलता येत नव्हतं. तिनं घरभर पाहिलं आणि मी कुठं झोपायचं, असं क्रेओलमध्ये विचारलं. अनुसयानं शिवणाचं मशीन भिंतीकडे सरकवलं आणि तिला जागा दाखवली.