‘निवड’ या शब्दाची चाचणी

पन्नासच्या दशकात मी वर्तमानपत्र सोडून शिक्षणाची पाहणी करणाऱ्या एका कचेरीत लागलो. मुले इंजिनिअरिंगकडे कशी वळतात, मध्येच का सोडतात, पुढे कुठे जातात, याची प्रश्नावली तयार होत होती. प्रश्न घरच्यांनाही कळावेत म्हणून मराठीत हवे होते. ते मी लिहीत असे. छापण्यापूर्वी कुणाच्या तरी घरी जाऊन ते विचारून पाहायचे, अशी पद्धत होती.

घाटकोपरच्या एका चाळीत इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी राहत होता. तो मला खाली नळापाशीच गाठून म्हणाला, “मला हे सोडायचंय. गणित घेऊन बी.ए. करायचंय. बाबांसमोर तोंडच उघडत नाही. तुम्ही विचारलंत तर बोलता येईल.”

विचारणे हे माझे कामच होते. आम्ही वर गेलो.

खोली एकच होती. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. ते खाटेवर बसले होते. मुलगा खाट आणि भिंत यांच्यामधल्या जागेत बसला. आई दाराशी तांदूळ निवडत होती.

“इंजिनिअरिंगची निवड कशी झाली?” मी वाचले.

“मार्कांवर,” वडील म्हणाले. “यादीत वरच होता.”

“तसं नव्हे. हाच अभ्यास का घेतला, असं विचारतोय.”

“मिळाला म्हणून घेतला. मिळालेलं कोण सोडतं?”

“निवडायला सुपात काही असावं लागतं, साहेब,” आई मान वर न करता म्हणाली.

मी मुलाकडे वळलो. “शिक्षण सोडावंसं कधी वाटलं?”

वडील हसले. “वाटायला काय! मला रोज गिरणी सोडावीशी वाटते. भोंगा झाला की जातोच ना? बोल रे, साहेब तुला विचारतायत.”

मुलगा वडिलांकडे वळला. मग म्हणाला, “माझी निवड झाली, बाबा. मी केली नाही.”

“मग मघापासून मी काय सांगतोय!” वडिलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “झाली! वशिल्याशिवाय झाली!”

मुलाने माझ्याकडे पाहिले. विचारणाऱ्याने उत्तराचा अर्थ लावून सांगायचा नाही, असा कचेरीचा नियम होता. मी थांबलो.

“पुढचं विचारा,” तो शेवटी म्हणाला.

पुढचा प्रश्न पदवीनंतरच्या नोकरीचा होता. त्याचे उत्तर वडिलांनी दिले.