आरसा जास्त तिरका झाला

मित्रांनो, रिक्षातून लिहितेय. नालासोपाऱ्याला निघालोय.

वसईत आमच्या गाळ्यात लेझर कटिंगच्या मशीन बनतात. लेझरचा किरण वळवणारा आतला आरसा बिजागरीवर असतो; मोटर दांडा ढकलून तो तिरका करते. दांडा किती सरकला, त्याला बिजागरीपासूनच्या अंतराने भागलं की कोन मिळतो. आज नवीन आरशाची चाचणी होती. लाल ठिपका जागेवरून किंचित हलायला हवा होता. तो थेट माझ्यासोबत काम करणाऱ्या ग्रेगरीदादांच्या कपाळावर गेला.

"अगं, बंद कर आधी!" दादा ओरडले.

नव्या डिझाइनमध्ये दांडा बिजागरीपासून निम्म्याच अंतरावर आहे. सॉफ्टवेअरमध्ये अंतर जुनंच राहिलं. म्हणजे आरसा दुप्पट वळतो आणि किरण त्याच्याही दुप्पट.

आमचा ठिपका नुसता खुणेचा होता. पत्रा कापणारा खरा लेझर डोळ्यांना दिसतही नाही.

याच नव्या आरशाची एक मशीन चाचणीआधीच काल नालासोपाऱ्याला गेलीय. आज तिची पूजा. हळदकुंकू वाहायला झाकण उघडं ठेवतात, सगळे हात जोडून समोर उभे राहतात, आणि आरती संपली की मशीन सुरू करायचं बटण दाबतात.

दादांचा फोन तिकडे कुणीतरी आत्ता कुठे उचलला. पण पलीकडे आरती इतक्या जोरात चाललीय की आमचं ओरडणं कुणाला ऐकूच जात नाहीये.

नालासोपारा पूर्वेला, गाळ्यांच्या बाजूला, आत्ता कुणी आहे का?