तिसरा फोटो

आईचा कॅन्सर हाडात उतरलाय का, हे बघायला मी तिला धारहून देवासच्या स्कॅन सेंटरमध्ये चार वेळा नेलं. मशीन चालवणाऱ्या माणसाचं नाव मात्र कधी विचारलं नाही. इकडच्या रिवाजाप्रमाणे तो मला भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचा, मी त्याला. हिंदी शाळेत शिकल्यामुळे त्याचं मराठी अर्धं हिंदीच होतं. "आई, आता पाय बिलकुल नका हिलवू," म्हणत तो तिच्या पायांचे अंगठे चिकटपट्टीनं एकत्र बांधायचा. पाय जरा हलला तरी फोटो धूसर येतो, आणि धूसर फोटो त्याला सहनच व्हायचा नाही.

चौथ्या वेळी कंबरेच्या हाडावर काळा ठिपका आला. फोटोआधी दिलेल्या इंजेक्शनचं औषध लघवीतून बाहेर पडतं, कपड्यावर थेंबभर सांडलं तरी फोटोत कॅन्सरसारखाच ठिपका उमटतो, असं त्यानं आम्हाला समजावलं. आईला धुतलेला गाऊन देऊन त्यानं पुन्हा फोटो घेतला. ठिपका तिथंच होता.

"भिया, चादर भी बदल लेते हैं," तो मला हळूच म्हणाला. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी त्यानं स्वतः टेबल पुसलं, चादर बदलली आणि तिसरा फोटो घेतला. पडद्यावर ठिपका अजूनही तिथंच होता.

मग तो आईच्या अंगठ्यांची पट्टी सोडवायला गेला. आईनं ओशाळून विचारलं, "माझ्याकडूनच काही सांडलं होतं का रे, बाळा?"

"हो आई," पट्टीवरची नजर न काढता तो म्हणाला, "जरासं सांडलं होतं."